पंखा कशाला नेला?

"माझी मुलगी माझ्या मुलाला पोलिसांत देणार आहे," खुर्चीत टेकण्याआधीच आलेल्या बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंतची मुदत दिलीय तिने. सख्ख्या भावाला!"

भावजींचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. भावजी म्हणजे चौकसबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते घरात पायांत पायांत येऊ लागले, तेव्हा बायकोने त्यांना थोरल्या बहिणीच्या हवाली केलं होतं. ही थोरली बहीण खासगी तपास करी. 'चौकसबाई' हे नाव लोकांनी चिडवायला ठेवलं, तर बाईंनी तेच दारावरच्या पाटीवर रंगवून घेतलं. भावजी गाडी चालवत, पिशवी धरत आणि प्रत्येक प्रकरणात एकदा तरी भलत्याच माणसाला चोर ठरवून मोकळे होत.

आलेल्या बाई शिवणकाम करणाऱ्या होत्या. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही भान त्यांना राहिलं नव्हतं. पदराच्या काठावर एक राखाडी डाग होता आणि त्या तो अंगठ्याने सारखा चोळत होत्या.

"काय चोरीला गेलं?" चौकसबाईंनी विचारलं.

"प्रोसेसर. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणतात त्याला. चौकोनी, बिस्किटाएवढा. तेवढाच गेला हो, बाकी घरातली काडी हललेली नाही. पण मुलीचं सगळं काम त्याच्यावर. आणि यंत्र उघडता येतं ते फक्त माझ्या मुलाला, म्हणून आळ त्याच्यावर."

"तुम्हाला यातलं बरंच कळतं की."

"मला कसलं कळतंय! तो यंत्र उघडतो तेव्हा टॉर्च धरायला मी. लहानपणापासून त्याला उघडझापीचा नाद. सगळे पेचकसच म्हणतात त्याला." बाईंचे डोळे भरून आले. "तो चोर नाही. ज्याने नेला त्याला शोधून काढा. काहीही करून शोधा."

"शोधते," चौकसबाई म्हणाल्या. "पण सापडेल तो चोर तुम्हाला आवडेलच असं नाही."

"कुणी का असेना!" बाई ठासून म्हणाल्या.

घर दुमजली होतं. खाली आई आणि पेचकस, वर मुलगी आणि जावई. मुलीला सगळे अक्का म्हणत. वरच्या पुढच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. सिनेमासाठी ती कॉम्प्युटरवर माणसांचे चेहरे घडवी; हसणारे, बोलणारे, अगदी हुबेहूब. वरची किल्ली खालच्या जिन्यापाशी खिळ्याला टांगलेली असे, त्यामुळे कुलूप होतं एवढंच म्हणायचं.

अक्काचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज कडक होता. "काल दुपारी यंत्र बंद करून आम्ही दोघं बाहेर गेलो. आज सकाळी बटण दाबलं तर निपचित. पेचकसला बोलावलं. त्याने झाकण काढलं, आणि आत प्रोसेसर नाही, त्याच्यावरचा पंखाही नाही!"

"तुझ्या आई तेव्हा इथे होत्या?"

"होती ना. ती तर मटकन खालीच बसली."

"पंखा किती मोठा?"

"चांगला विटेएवढा," पेचकसने सांगितलं. तिशीचा, उंच, मान खाली घालून बोलणारा माणूस होता तो. "धातूच्या पत्र्यांचा ठोकळा आणि त्याला जोडलेला पंखा. प्रोसेसर तापतो, त्याला गार ठेवायला वर बसवतात. स्क्रू नाहीत त्याला. खिट्टी सोडली की निघतो."

चौकसबाई उघड्या यंत्रात डोकावल्या. मधोमध बारीक भोकांची एक रिकामी जाळी होती आणि तिच्या कडेला एक छोटी दांडी.

"ही दांडी कशाची?"

"प्रोसेसरचं कुलूप समजा. वर केली की तो अलगद उचलता येतो. खाली केली की पकड बसते."

"आत्ता ती खाली आहे. सकाळपासून कुणी हलवलीय?"

"कुणीच नाही."

भावजीही वाकून बघायला गेले आणि त्यांची बाही यंत्राच्या कडेला घासली. तिच्यावर राखाडी फराटा उमटला.

"ती पेस्ट आहे," पेचकस म्हणाला. "प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये लावतात. कपड्यावरून जात नाही ती."

"मेलो! आता घरी माझी खरडपट्टी," भावजी पुटपुटले.

"पेचकस, पंखा काढायचा असला तर तू कसा काढतोस?" चौकसबाईंनी विचारलं.

"आधी यंत्र चालवून चांगलं तापवतो. मग पंखा हलकेच पिळतो. मग..."

"बघा, हात किती सराईत आहे!" जावई मध्येच कडाडले.

चौकसबाईंनी मग जावयांनाच बाजूला घेतलं. सगळ्यांचे हिशेब बघणारे, नीटनेटके गृहस्थ होते ते.

"महिनाभर या घरात दुसरा विषय नव्हता," ते म्हणाले. "कुठला प्रोसेसर घ्यायचा! मी म्हणत होतो, जुना चाललाय तोवर चालवा. पेचकस म्हणाला आठ कोअरचा घ्या. हिला सोळाचाच हवा होता."

"कोअर म्हणजे?" भावजींनी विचारलं.

"कामाचे हात समजा. आठवाल्याचे हात थोडे, पण चपळ. एकेकटं काम झटकन उरकतात. सोळावाल्याला एकच मोठं काम वाटून दिलं की निम्म्या वेळात फडशा. हिच्या चित्रांना सोळाच लागतात, हे मला अडाण्यालाही कळलं. पण हा शेवटपर्यंत आठवर अडून बसला. सोळावाला आला तेव्हा हिच्या तोंडावर म्हणाला, 'आणलास खरा, पण या घराला तो पचणार नाही.' मी स्वतः ऐकलंय."

भावजींनी मनातल्या मनात पेचकसला बेड्या ठोकल्या. पण मधल्या खोलीत आवाजवाला भेटला आणि त्यांनी त्या लगेच काढल्या.

आवाजवाला म्हणजे अक्काच्या चित्रांना आवाज देणारा, ध्वनिमुद्रण करणारा माणूस. "तो पंखा?" त्याने कपाळाला हात लावला. "पंखा कसला, पिठाची गिरणी! माझ्या मायक्रोफोनमध्ये आधी तोच बोलायचा."

"मग तुम्ही काय करत होता?"

"करणार काय? माझं काम असलं की यंत्र बंद करा म्हणायचो. आता शांत पंखा मागवून घेतलाय. तो बघा, खोक्यात. उद्या बसवणार होतो."

"सध्या कसलं काम चाललं होतं?"

आवाजवाला जरा चाचरला. "अक्काच्या वडिलांचं. ते वारले गेल्या वर्षी. त्यांचा चेहरा आणि जुन्या ध्वनिफितींवरून त्यांचा आवाज. आईला भेट द्यायची म्हणून. थोडंसं दाखवलंसुद्धा आईंना, परवाच."

"मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. उठून खाली गेल्या. आनंदाने भरून आलं असेल."

चौकसबाईंनी जिन्यात पेचकसला गाठून एकच प्रश्न विचारला, "तुला सगळ्यांत जास्त कळतं. मग या कामाला चुकीचा प्रोसेसर का सुचवलास?"

त्याने मान आणखी खाली घातली. "आठवाला घेतला असता तर बाबांचा चेहरा पूर्ण व्हायला वेळ लागला असता. तेवढीच आईला सवड मिळाली असती. तिला ते सोसणार नाही असं मला आधीपासूनच वाटत होतं. अक्काला हे सांगायचं कसं?"

दिवस कलला. सगळे स्टुडिओत जमले. अक्काच्या हातात फोन होता, कधीही पोलिसांना लावेल असा.

"भावजी, तुमचा चोर कोण?" चौकसबाईंनी विचारलं.

भावजींनी घसा खाकरला. "आवाजवाला. त्याला पंख्याचा राग होता."

"मी?" आवाजवाला किंचाळला. "अहो, मी नुसतं बटण बंद करतो!"

"बरोबर. तो नव्हे," चौकसबाई म्हणाल्या. "पण भावजी, आज तुम्ही पहिल्यांदाच अर्धे बरोबर आहात. सगळे विचारतायत, प्रोसेसर कुणी नेला. मी विचारते, पंखा कशाला नेला? प्रोसेसर खिशात मावतो. तो चोरणारा विटेएवढं धूड कशाला वागवेल? काढून टेबलावर ठेवेल आणि चालू लागेल. म्हणजे चोराला पंखाच हवा होता."

"मग प्रोसेसर?" अक्का म्हणाली.

"ती दांडी बघ. कुलूप अजून बंद आहे. पेचकसने काढला असता तर आधी दांडी वर केली असती. महागडी वस्तू कुणी हिसडून काढत नाही. तो हिसडून निघालाय आणि काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. पेचकस, यंत्र तापवल्याशिवाय पंखा ओढला तर काय होतं? मघाशी तुझं वाक्य अर्धवट राहिलं."

पेचकसचा चेहरा पांढराफटक पडला. "थंड पेस्ट घट्ट धरते. प्रोसेसर पंख्याला चिकटून... अरे देवा!"

"यंत्र दुपारपासून बंद, म्हणजे थंड. आता असं माणूस हवं की ज्याला खिट्टी कुठे असते ते माहीत आहे, पण पंख्याखाली काय चिकटतं ते माहीत नाही. ज्याने हे काम जवळून पाहिलंय, पण स्वतः कधी केलेलं नाही. आणखी एक. पंखाही गेला हे अक्काने न विचारता सांगितलं. पण झाकण निघालं तेव्हा समोर असलेल्यांपैकी एक माणूस मला सांगून गेलं, 'तेवढाच गेला, बाकी काडी हललेली नाही.' एवढा मोठा पंखा त्या माणसाला दिसला नाही? दिसला. पण तो चोरीला गेला नाही, हे या घरात त्या एकट्या माणसाला माहीत होतं."

चौकसबाई वळल्या. "बाई, पदराचा तो डाग चोळून जायचा नाही. भावजींच्या बाहीवरही तोच आहे."

भावजी आ वासून आईंकडे बघत राहिले. ज्या बाई डोळ्यांत पाणी आणून चोर शोधा म्हणत दारात आल्या होत्या, त्याच?

"मी प्रोसेसरला हात लावला नाही!" आई ओरडल्या. "पोरांची शपथ! पंखा काढला मी. पण नुसता पंखा!"

"तुम्ही खरं बोलताय, म्हणून तर माझ्याकडे आलात. तुम्हाला वाटलं, तुमच्या मागून दुसरं कुणी येऊन प्रोसेसर घेऊन गेलं. पंखा कुठे आहे?"

आई खाली गेल्या. शिवणयंत्राच्या लाकडी झाकणाखालून फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन त्या वर आल्या. पेचकसने ते सोडलं आणि पंखा उलटा केला. तळाशी प्रोसेसर होता. पोटावरच्या सोनेरी पिनांची दाटी दिव्यात लखलखली.

आईंनी भिंतीला हात टेकला. "माझ्याच खोलीत होता? माझ्या पोराला चोर ठरवलं ते मीच?"

"पण तुला दिसला कसा नाही, आई?" पेचकसने विचारलं.

"पडदे ओढून घेतले होते मी. काळोखच होता. दोन्ही हात पंख्याला लागले, मग टॉर्च कोण धरणार? आणि काढल्यावर बघायची हिंमतच नव्हती. तसाच गुंडाळला."

अक्काच्या हातातला फोन केव्हाच खाली गेला होता. "पण का? तुझ्यासाठीच करत होते ना मी सगळं!"

आईंनी मोजपट्टीचं टोक मुठीत घट्ट धरलं. "परवा तू मला पडद्यावर त्यांचा चेहरा दाखवलास. हसले, मान वळवली आणि मला विचारलं, 'जेवलीस का?' अक्का, अख्ख्या संसारात त्यांनी मला हे एकदाही विचारलं नाही. वाईट नव्हते ते. पण ताटावरून उठून जायचे. मी जेवले की नाही, त्यांना कधी ठाऊकच नव्हतं."

"ते वाक्य मी घातलं," अक्का पुटपुटली. "मला वाटलं, तुला आवडेल."

"आवडलं ना! तिथेच तर घात झाला. मी 'हो' म्हटलं त्या पडद्याला. लाजले मी, या वयात! खाली गेले आणि घाबरून थंडगार पडले. आणखी चार दिवस हे असंच विचारत राहिले असते, तर मला हेच खरे वाटले असते. माझं माणूस होतं तसं मला राहू दे गं. वाटलं, पंखा नसला की यंत्र तोंड मिटेल. तेवढंच हवं होतं मला."

अक्का भावासमोर जाऊन उभी राहिली. तिने नुसते हात जोडले. पेचकसने ते खाली केले आणि म्हणाला, "पिना वाकल्यात दोन-तीन. आई, बारीक सुई दे. सरळ करतो. सिनेमाचं काम तर थांबणार नाही ना अक्काचं."

"आणि बाबांचं?" जावयांनी हळूच विचारलं.

"ते पुसून टाकते," अक्का म्हणाली. तिने आईकडे बघितलं. "आई, कालपासून काही खाल्लंस का तू?"

आईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांना हुंदका आवरेना.

चौकसबाईंना घरी सोडून भावजी आपल्या घरी आले, हातपाय धुऊन नेहमीप्रमाणे ताटावर बसले. बायकोने वाढलं. बाहीवरचा फराटा बघून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात घास तसाच ठेवून भावजींनी वर पाहिलं.

"तू जेवलीस का गं?"

बायकोच्या हातातला डाव आमटीत पडला. ती घाईघाईने जवळ आली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय होतंय तुम्हाला? ताईला बोलावू का?"