बान्दियागाराच्या कड्यावरचा दोर

बाबांची हाडं आणायला आम्ही निघालो होतो. काही पावसाळ्यांमागे ते कांद्याच्या वाफ्यांना खत म्हणून कबुतरांची विष्ठा गोळा करायला कड्यात उतरले, आणि तेल्लेमांच्या गुहेत कोसळून तिथेच राहिले. तेल्लेम म्हणजे आम्हा दोगोनांच्या आधी या कड्यात राहून गेलेले लोक; त्यांचे मृत अजून त्या गुहांत आहेत. त्या परक्यांत आपला माणूस एकटा पडलाय, म्हणून आई सुतक सोडायला तयार नव्हती. हाडं गुंडाळायला तिने स्वतः सूत कातून कापड विणून घेतलं होतं.

दोर सांभाळायला मी कलीलूला नेलं. तो नदीकाठचा बोझो, मासे विकायला आमच्या बाजारात येणारा. कधीकाळी दुष्काळात आमच्या या दोन जमातींतल्या एकाने दुसऱ्याच्या उपाशी लेकराला आपल्या मांडीचं मांस खाऊ घातलं म्हणे. तेव्हापासून शपथच आहे: दोगोन-बोझोंनी एकमेकांचं रक्त सांडायचं नाही, मागितलेलं नाकारायचं नाही, आणि शिव्या मात्र पोटभर द्यायच्या.

गोरखचिंचेच्या सालीचा दोर वर झाडाला बांधला, कमरेला गुंडाळला, आईचं कापड नि सुरा त्यात खोचला आणि मी उतरू लागलो.

"हळू रे कांदेखाऊ, कडा पाडशील," वरून कलीलू ओरडला.

"तू दोराकडे बघ, बेडका. मासा नाही तो, निसटायला."

वारा धुळीने भरलेला. पायाखालचा दगड सुटला. मी भिंतीवर आपटलो, गरगर फिरलो, खांदा सोलून निघाला. पण समोरच गुहा होती! आत बाबांची निळी टोपी दिसली. आणखी एक मोठा झोका, की पाऊल आत टेकणार होतं.

तेवढ्यात लक्षात आलं, वरच्या शिव्या बंद झाल्यात.

"अंतांदू," कलीलू म्हणाला, अगदी सभ्यपणे, "वर ये बाबा. मी मागतोय."

बोझो दोगोनाशी सभ्य बोलतोय, म्हणजे काहीतरी बिनसलंय. रागही आला. मागायला हीच वेळ सापडली मेल्याला! पण बोझोने मागितलं की विषय संपला. मी वजनासाठी कापडाच्या टोकाला सुरा बांधला आणि जीव खाऊन आत भिरकावलं. ते टोपीवर जाऊन पसरलं. मग वर. हात. पाय. पुन्हा हात.

वर कलीलू पालथा पडला होता. कड्याच्या धारेने दोर कापत आणला होता, एकच पीळ उरला होता, आणि दोर-दगडाच्या मध्ये त्याने आपला हात घातला होता. कोपरापर्यंत सोललेला.

"माझ्यापायी तुझं रक्त सांडलं रे," मी म्हणालो. "शपथ मोडली."

"मासे कापताना याहून जास्त जातं. मांडी तर वाचली ना? चल कांदेखाऊ, भूक लागलीय."

घरी आईने एवढंच विचारलं, "कापड पोचलं का?"

"पोचलं. पण त्यांना आणता नाही आलं गं."

ती कड्याकडे वळली. "पांघरूण मिळालं त्यांना. मग झालं." तिने सुतकाचं फडकं डोक्यावरून काढून ठेवलं, तेलाची वाटी घेतली आणि कलीलूसमोर बसली.

"इकडे कर तो हात, सडक्या माशा," ती म्हणाली.

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाला शिवी देत होती.