प्रवासात नको

हसा, हसा. दारावर टकटक झाली की काका "आत या" म्हणत नाहीत, गुडघे धरत उठतात आणि स्वतः जाऊन दार उघडतात, याची तुम्ही माझ्यामागे नक्कल करता हे मला ठाऊक आहे. धाकट्या, तू तर फारच छान करतोस. मग आज कारणही ऐकून घ्या. नंतर झोप लागली नाही तर माझ्या नावानं खडे फोडू नका.

बारा डिसेंबर, गुरुवार. रात्रीचे पावणेनऊ. मी तेव्हा फ्रेमा करायचो आणि एक फ्रेम पोचवायला कप्तानाच्या दुकानात निघालो होतो. कप्तान हे आम्ही ठेवलेलं नाव. हा बाबा जन्मात कधी बोटीवर चढला नव्हता. बादलीतलं पाणी हललं तरी त्याला मळमळायचं. पण समुद्र ओलांडणाऱ्या जुन्या, मोठ्या प्रवासी बोटींचं त्याला विलक्षण वेड. भंगारात निघालेल्या बोटींच्या बशा, जेवणाची कार्डं, खोल्यांच्या किल्ल्या, डेकवरच्या आरामखुर्च्या, सगळं चाळीस वर्षं जमवत आला होता. त्यातलंच विकून पोट भरायचा, पण विकताना चेहरा असा, जणू स्वतःची दाढ उपटून देतोय.

त्याच्याकडे एक म्हातारे यायचे. एका बोटीवर तीस वर्षं स्टुअर्ड होते. म्हणजे प्रवाशांच्या खोल्या लावायच्या, चहा न्यायचा, सामान उचलायचं. दुकानाचं दार उघडं असलं तरी दोनदा टकटक करायचे, हळूच खाकरायचे आणि कप्तान "या, आत या" म्हणेपर्यंत बाहेर उभे राहायचे. अंगात मुरलेली सवय.

डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ते आपली पेटी कप्तानाकडे ठेवून गेले. खोलीत एकटे राहायचे, दुसरा विश्वासाचा माणूस नव्हता. पेटीत त्यांचं आख्खं आयुष्य होतं. गणवेशाची बटणं, प्रवाशांची पत्रं, आणि बोटीच्या शेवटच्या रात्रीचं जेवणाचं कार्ड, ज्यावर सगळ्या प्रवाशांनी त्यांचे आभार मानून सह्या केल्या होत्या. शिवाय सामानाला चिकटवायच्या, न वापरलेल्या छापील लेबलांचे दोन गठ्ठे. बोटीच्या तळात टाकायच्या सामानावर लागायचं 'प्रवासात नको'. खोलीत जवळ ठेवायचं, त्यावर 'प्रवासात हवे'.

महिन्यानं म्हातारे परत आले. मी तिथंच होतो.

"माझी पेटी नेतो साहेब."

कप्तान बशी पुसत म्हणाला, "कुठली पेटी?"

पेटी, लेबलं, सगळं त्यानं एका परदेशी गिऱ्हाइकाला विकून टाकलं होतं. मला माहीत होतं. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून बसलो. पोरांनो, कप्तानाचा मला आजही संताप येतो, पण त्याहून जास्त माझा येतो.

म्हातारे रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "बोलावल्याशिवाय मी आत येत नाही साहेब. पण एकदा बोलावलंत, की सामान घेतल्याशिवाय जातही नाही."

ऑगस्टात ते गेले. त्या खोलीतच. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता.

आणि डिसेंबरात मी जी फ्रेम घेऊन गेलो, तिच्यात तेच सह्यांचं कार्ड होतं. तेवढं कप्तानानं विकलं नव्हतं. स्वतःसाठी ठेवलं होतं.

त्यानं फ्रेम टेबलावर उभी केली. खूश झाला. मला बसवलं, चहा ओतला. हिशेबाची वही काढून माझे पैसे लिहायला लागला. दार लावलेलं होतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

टक. टक.

मग... खाकरणं.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. कप्तान लिहीत होता. मान वर न करता, चाळीस वर्षांच्या सवयीनं बोलून गेला...

"या, आत या."

दार उघडलं. सावकाश. कुणी नव्हतं. पितळ घासायच्या पॉलिशचा वास तेवढा आत आला. दार पुन्हा लागलं. कडी आतून बसली.

कप्तानाचं पेन थांबलं. त्याला कळलं. आपण काय बोललो, ते कळलं.

मागच्या कपाटात एक बशी सरकली. मग दुसरी. खोली आवरताना होतो ना, तसा आवाज. घाई नाही. एकेक वस्तू उचलायची... ठेवायची.

"तू थांब रे," कप्तान म्हणाला. "आज थांब."

मी उठलो. कडी काढली. खोटं कशाला बोलू... पळालो. मागून त्याची हाक आली. एकदाच. माझ्या नावानं.

मी वळलो नाही.

सकाळी दुकान उघडंच होतं. बशा, किल्ल्या, चित्रं, खुर्च्या... चाळीस वर्षांच्या एकूण एक वस्तूवर लेबल चिकटवलेलं. प्रवासात नको. प्रवासात नको. प्रवासात नको. चित्रांच्या तोंडावर, बशांच्या नक्षीवर. एकही वस्तू विकायच्या लायकीची उरली नव्हती. माझी फ्रेम जागेवर होती. काच शाबूत, मागचे खिळे मी ठोकले तसेच. आतलं कार्ड तेवढं नव्हतं.

कप्तान त्याच्या आरामखुर्चीत होता. डोळे दाराकडे. अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल.

त्याच्या सदऱ्यावरही लेबल होतं. छातीवर, नीट, सरळ रेषेत. फक्त ते दुसऱ्या गठ्ठ्यातलं होतं.

प्रवासात हवे.

लोक यायच्या आत मी ते सोलून घेतलं. का, ते विचारू नका. या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. तो पत्र्याचा डबा दे इकडे. हे बघा... हेच ते. आयुष्यभर खळीचं काम केलं मी. खळ तासाभरात वाळते, दिवसभरात दगड होते.

धाकट्या, ये इकडे. आता नाही हसत? मागच्या बाजूला अंगठा लाव.

लाव ना.

ओली आहे की नाही?