कागदावर खोडलेलं मीठ

"पाइप बंद करा म्हणजे करा!" मिरची इतक्या जोरात ओरडली, की तिच्या हातातलं वाळकं रोप थरथरलं.

सुट्टीत मामीकडे आलेली मिरची, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि मामेभाऊ पोपट, तिघांनी थेट शेजारच्या बाटल्या धुण्याच्या कारखान्यावरच धडक मारली होती. कारखान्याच्या पाइपमधून पाटात येणारं पाणी घातलं, की मामीच्या रोपवाटिकेतली रोपं माना टाकत होती आणि गिऱ्हाइकं मामीलाच नावं ठेवत होती. असंच चाललं तर रोपवाटिकेला टाळं लागणार!

कारखान्यातले केमिस्ट चक्क हसले. मिरचीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाटल्या धुऊन उरलेल्या कॉस्टिक सोड्यात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, आम्ही हायड्रोक्लोरिक आम्ल मोजून घालतो, मगच पाणी तुमच्या पाटात सोडतो. हे तांबडे-निळे लिटमस कागद बघ, एकाचा तरी रंग बदलतोय?" रंग बदलत नव्हता. केमिस्टनी फळ्यावर लिहिलं:

H⁺ + OH⁻ → H₂O

"उरतं फक्त पाणी! तुझ्या मामीलाच रोपं जगवता येत नाहीत."

"मामीला बोलायचं काम नाही!"

ढब्बूनं तिला ओढतच बाहेर आणलं. पोपट पाटाच्या कडेला वाकला. "ताई, मातीवर हे पांढरं काय गं?"

मिरची बघतच राहिली. मग काडीनं मातीत भराभर लिहू लागली:

H⁺ + Cl⁻ + Na⁺ + OH⁻ → Na⁺ + Cl⁻ + H₂O

"हे अख्खं समीकरण! सोडियम आणि क्लोराइड दोन्हीकडे तसेच राहतात, म्हणून आपण त्यांना खोडतो. प्रेक्षक आयन!"

"खोडल्यावर ते जातात कुठे?" ढब्बूनं विचारलं.

"कुठेच नाही! कागदावर खोडलं म्हणून पाण्यातून थोडंच जातंय? तेच हे पांढरं मीठ, त्यानंच रोपं वाळतायत! लबाड कुठले!"

मामीला शेजारी उभं करून त्यांनी एका पातेल्यात पाटाचं आणि दुसऱ्यात विहिरीचं पाणी आटवलं. विहिरीचं पातेलं जवळजवळ स्वच्छ निघालं. पाटाच्या पातेल्यात मात्र पांढरा थर बसला होता.

दोन्ही पातेली मिरचीनं कारखान्याच्या मालकीणबाईंच्या टेबलावर दाणकन आदळली.

केमिस्टचा चेहरा पडला. "मीठ... हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"रोपं मेली ना पण!" मिरची कडाडली.

मालकीणबाईंनी तिथल्या तिथे पाइप बंद करायला लावला, मामीचं नुकसान भरून द्यायचं कबूल केलं आणि म्हणाल्या, "शाब्बास पोरांनो!"

"शाब्बासकी नंतर. आधी मामीची माफी!"

केमिस्टनी रोपवाटिकेत येऊन मामीपुढे हात जोडले आणि माफी मागितली. ते गेल्यावर मामीनं डोळे पुसले आणि तिघांना जवळ ओढलं.

"आमची मिरची तिखट खरी," ती म्हणाली, "पण मीठ बरोब्बर ओळखते हो!"