शुक्रवारचा वास

स्वयंपाकघरासाठी चिमणी झानेर्केने निवडली. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तिचा बाप सेरझान सगळ्यांना सांगत फिरला की ती त्याने निवडली, आणि बापाची इज्जत राखायची म्हणून ती गप्प बसली.

करागांदा शहरातल्या बाजारामागे एक दुकान होतं. तिथल्या भिंतीवर चिमण्याच चिमण्या टांगलेल्या: काळ्या, चकचकीत, तिरक्या काचेच्या. सेरझान एकेकीखाली मान घालून वर बघत होता, घोडा घेताना त्याचे दात बघावेत तसा.

"ही घेऊ. दणकट दिसते."

"पापा, हिला पाइप लागतो."

"मग लावू की पाइप."

"आणि सोडायचा कुठे? मार्लेन आगांच्या फ्रिजमध्ये?"

सेरझानने चिमणीखालून मान काढली. विनोद होता, पण हसण्यासारखा नव्हता.

त्यांची इमारत जुनी, पाच मजली. सगळ्यांची स्वयंपाकघरं एकावर एक, आणि त्यांच्या पाठीमागून एकच धुराडं तळापासून छपरापर्यंत गेलेलं. यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि ज्यांना सगळे मानाने आगा म्हणत ते मार्लेन चौथ्यावर. एका वर्षी मार्लेन आगांनी भलामोठा फ्रिज आणला. त्याला जागा हवी म्हणून त्यांनी आपल्या घरातली धुराड्याची भिंत फोडली, विटा आतच लोटल्या आणि त्या कोनाड्यात फ्रिज बसवला. त्याच हिवाळ्यात, बाहेर हाडं फोडणारी थंडी आणि खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद असताना, झानेर्केची आई कुल्याश गॅस गिझर पेटवून भांडी घासायला उभी राहिली. गिझरचा धूर वर गेलाच नाही. तिला काही कळलं नसणार. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

शाळेतून आल्यावर दार झानेर्केनेच उघडलं होतं. नळ चालू होता.

चौकशीला माणसं आली तेव्हा मार्लेन आगा दारात पोट पुढे काढून उभे राहिले. "मी कशाला फोडीन भिंत? गिझरच जुना असेल." फ्रिज हलवून बघायचा कंटाळा सगळ्यांनीच केला. अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं आणि अख्खी इमारत त्यांना जिन्यात सलाम करत राहिली. एकटी झानेर्के करत नसे. बघून घेईन, असं ती मनात म्हणायची. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

आता घरात गॅस नव्हता, विजेची शेगडी होती. पण तळण केलं की भिंती घामाघूम व्हायच्या आणि सेरझानला, ज्याची निम्मी छाती खाणीने आधीच खाल्ली होती, खोकल्याची उबळ यायची. म्हणून ही खरेदी.

"ही बिनपाइपाची," च्युइंगम चघळत दुकानातली बाई म्हणाली. "आतला पंखा खालून हवा ओढतो. तेल जाळीत अडतं, वास कोळशात अडतो, आणि साफ हवा वरच्या फटींतून परत तुमच्याच खोलीत. बाहेर काही म्हणजे काही जात नाही."

"आणि वासाचं काय होतं?" झानेर्केने विचारलं.

"मरतो कोळशात. त्याचं काय होणार?"

रविवारी दोघांनी मिळून ती बसवली. खोक्यातला मापाचा कागद भिंतीला चिकटवायचा, त्यावरच्या खुणांवर भोकं पाडायची, एवढंच काम. तरी सेरझानने पहिलं भोक खुणेच्या बोटभर खाली पाडलं आणि दोष भिंतीला दिला.

"भिंत सरकली का, पापा?"

"तू पेन्सिल हलवलीस."

"पेन्सिल माझ्या कानावर आहे."

मग ड्रिल झानेर्केने घेतलं. शेगडीपासून किती उंच ते तिने दोनदा मोजलं, सपाटी बघितली, कोळशाचा गोल डबा पंख्यावर ठेवून फिरवला. खट्‌ आवाज करत तो बसला. स्वतःवर ती इतकी खूश झाली की पिठाच्या डब्यावर चढून नाचली.

शेवटी राहिली धुराड्याची जुनी जाळी. सेरझानने सवयीने वहीचा कागद तिला लावून बघितला. धुराडं जिवंत, म्हणजे हवा ओढत असलं, की कागद जाळीला चिकटून राहतो. हा सरळ ओट्यावर पडला.

"मेलंय," तो म्हणाला.

झानेर्केने त्या भोकावर प्लास्टर थापलं आणि हाताने गुळगुळीत केलं. ओलं प्लास्टर फार गार लागलं. खालच्या भिंतीपेक्षाही गार.

शुक्रवार आला. दर शुक्रवारी कुल्याश सात शेलपेक तळायची: कणीक लाटून पातळ पोळ्या करायच्या, कडकडीत तेलात सोडायच्या, आणि तळताना घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची. "मेलेली माणसं जेवत नाहीत," ती सांगायची, "वासानेच त्यांचं पोट भरतं." ती गेल्यापासून हे काम झानेर्केकडे आलं होतं, आणि नावांमध्ये एका नावाची भर पडली होती.

तिने चिमणी सुरू केली. तेल तापलं, पहिली पोळी फुगली, बुडबुडे कडेला धावले. आणि वास आला नाही. तिने कढईवर नाक नेलं. गरम वाफ लागली, नुसती वाफ.

सेरझान दाराशी आला. "वास कुठंय गं?"

"कोळशात."

"मग तिला काय पोचणार?" त्याने बटणाकडे हात नेला, मग खोकला. खोकत खोकतच आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

वर मार्लेन आगा टीव्हीपुढे हसत होते. त्यांचं हसणं छतातून झिरपायचं, ढेकर मिसळलेलं, पोटभर जेवलेल्या माणसाचं. झानेर्के नावं घेत होती. आजोबांचं झालं. आजीचं झालं. "कुल्याश," ती म्हणाली. वरून पुन्हा हसू आलं.

"मार्लेन," ती म्हणाली.

जिवंत माणसाचं नाव त्या तेलावर कोणी घेत नाही. चुकून पोराच्या तोंडून आलं तर आया फटका देतात. पण वास कुठे जाणारच नव्हता, तर बिघडलं काय?

पंख्याचा सूर क्षणभर बदलला. घशाखाली घास उतरावा तसा.

दुसऱ्या दिवशी मार्लेन आगा दारात उभे. केस चोपून बसवलेले, अंगाला लिंबाच्या कोलोनचा घमघमाट.

"काय तळता तुम्ही एवढं? उशीत वास, टोपीत वास, दाढीचा ब्रश हुंगला तर त्यालाही तेलाचा वास."

"आमची बिनपाइपाची आहे, आगा. बघा ना."

त्यांनी चिमणीखाली वाकून बघितलं, मागे हात घातला, प्लास्टरवर टिचकी मारली. "माझ्याकडे तर फ्रिजमागून येतो."

"फ्रिजमागे काय आहे?"

"भिंत," ते पटकन म्हणाले.

सेरझानने आतून हाक दिली, "आगा, चहा घेऊन जा."

"नको रे. कालपासून भूकच नाही. पोट भरलंय माझं." आणि आपल्या पोटाकडे त्यांनी असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

दार लावून झानेर्के हसली. इतक्या दिवसांनी हसली की गाल दुखले.

पुढच्या शुक्रवारी तिने नाव स्पष्ट घेतलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी, पोळी उलटताना, आणखी सावकाश. ओव्हरकोट मार्लेन आगांच्या खांद्यांवरून ओघळू लागला. जिन्यात ते मटणाची पिशवी पायाशी ठेवून बसलेले दिसायचे. खाण्याचं सामान आणणं त्यांनी सोडलं नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, डॉक्टरांना काही सापडत नाही. झानेर्केच्या घरात मात्र तळणाचा वास कधीच येत नसे, आणि कोळशाचा डबा काढून बघावा तर नव्यासारखा कोरा.

एका संध्याकाळी ते पुन्हा आले. सेरझानने धरून त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी बघितलं मात्र झानेर्केकडे.

"वासाबरोबर तुझा आवाज येतो. आजोबांचं नाव, आजीचं नाव, कुल्याशचं. मग माझं."

सेरझान लेकीकडे वळला.

"भिंत मीच फोडली," मार्लेन आगा म्हणाले. "विटा खाली न्यायचा कंटाळा आला, म्हणून आत टाकल्या. झालं? आता तरी नाव घेऊ नकोस, पोरी."

सेरझानने चेहरा हातांनी झाकला. मग म्हणाला, "झानेर्के, सांग त्यांना. नाही घेणार म्हणून."

हेच तर तिला ऐकायचं होतं. कंटाळा आला, म्हणून. तिची आई, चालू नळ, आणि कंटाळा.

"नाही घेणार," ती म्हणाली.

शुक्रवारी तेल तापलं. आजोबा. आजी. कुल्याश.

वर सगळं शांत होतं.

तिने नाव घेतलं. जीभ घसरली असं म्हणायला जागा होती. घसरली नव्हती.

मार्लेन आगा रविवारी घरात मेलेले सापडले. फ्रिज उघडला तेव्हा आत बोट शिरायला जागा नव्हती: मटण, लोणी, अंडी, दुधाच्या पिशव्या, काहीही न फोडलेलं. त्यांचा मुलगा दूरच्या शहरातून आला, सातव्याचं आणि चाळिसाव्याचं जेवण त्याने घातलं, घराचा गॅस तोडून घेतला, दाराला कुलूप लावलं आणि गेला.

त्यानंतरच्या शुक्रवारी झानेर्के कणीक मळत होती. सेरझान मांती वाफवत होता, तिच्या आवडीच्या, मोदकासारख्या कणकेच्या पारीत मटण आणि भोपळा भरलेल्या. चिमणी पुसायची म्हणून तिने सकाळी प्लग काढला होता. तो अजून तसाच लोंबत होता.

आधी तिला लिंबाच्या कोलोनचा वास आला. चिमणीच्या वरच्या फटींतून.

मग तेलाचा. ताज्या, कडकडीत तेलाचा, सबंध स्वयंपाकघर भरून टाकणारा. त्यामागून कोणीतरी सावकाश एकेक करून नावं घ्यावीत तशी पुटपुट.

शेगडीवर कढई नव्हती.

"पापा, वास येतोय?"

"कसला?" सेरझानने झाकण काढलं. वाफेचा लोट उठला. त्याने ताटलीत मांती वाढल्या, वरून लोणी सोडलं आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. "सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू. गरम आहेत तोवर खा."

झानेर्केने एक मांती उचलली, तोंडापर्यंत नेली आणि परत ठेवली.

"नको, पापा," ती म्हणाली. "पोट भरलंय माझं."