नापास झालेली निळी गाडी

सकाळपासून चाळीस गाड्या तपासून तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. हौशी मोटारशर्यत असली तरी नियम ते नियम. कुणाच्या हेल्मेटची मुदत संपलेली, कुणाची बॅटरी चक्क दोरीने बांधलेली... आणि प्रत्येकाला वाटायचं, ही बाई आपल्याच मुळावर उठलीय.

एक्केचाळिसावी गाडी निळी होती. ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली, तोच टप्पकन तेलाचा थेंब गालावर पडला.

"अरेरे!" एक चेहरा बाजूने खाली वाकला. हातात स्वच्छ रुमाल. "लागलं का?"

"मला नाही. गाडी गळतेय तुमची."

"एकच तर थेंब–"

"तो ट्रॅकवर तुमच्याच चाकाखाली आला की कळेल. नापास."

आता भांडण होणार म्हणून तिने डोळे मिटून घेतले. पण तो हळूच म्हणाला, "फार दमलात का हो?"

असं तिला कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ धावत आला. शर्यत भरवणारा क्लब त्याचाच. "अगं, लोक याचीच गाडी बघायला आलेत! कर की जरा डोळेझाक." म्हणत त्याने 'पास'चं स्टिकर काचेवर चिकटवूनही टाकलं.

"दादा, मग सहीही तूच कर," एवढंच म्हणून ती स्टुलावर बसली. वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं.

निळ्या गाडीवाल्याने स्टिकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नखाने कड उचकटून ते सोललं आणि दादाच्या हातावर ठेवलं.

"वेडा आहेस का? वर्षभर खपलास त्या गाडीवर!"

"खपलो ना..." त्याने गाडीच्या टपावरून हात फिरवला. "पण गाडीखाली त्या गेल्या होत्या, दादा. तुम्ही नाही."

दादा पुटपुटत निघून गेला. हा मात्र गेला नाही. उरलेल्या नऊ गाड्या संपेपर्यंत तिच्यासाठी टॉर्च धरून उभा राहिला.

"कंटाळला असाल," ती म्हणाली.

"खूप. तुम्ही?"

"मी तीन वर्षांपूर्वीच कंटाळलेय." आणि दोघंही थकल्या थकल्या हसत सुटली.

निघताना तो घुटमळला. "पुढच्या रविवारी... दुरुस्त करून आणू गाडी?"

"पुढच्या रविवारी तपासणी नसते." तिने मान खाली घालून फॉर्म उगाचच सारखे केले. "गाडी नको आणूस."

"मग?"

"नुसता ये."