ओला कापूस

हे खरं घडलंय. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या दालनात. ज्याला खोटं वाटतं त्याला वाटू दे. मी पटवायला बसलेलो नाही, मला राग आलाय म्हणून लिहितोय.

मी संग्रहालयात चित्रांच्या चौकटी बनवतो. माझी बायको तिथेच जुनी चित्रं साफ करायची. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. थुंकीनं मळ निघतो, रंग शाबूत राहतो. मी चिडवायचो, "पगार घेऊन थुंकणारी बाई तू एकटीच."

"तुम्ही फुकट घोरता, त्याचं काय?" ती म्हणायची.

शेवटचं काम एका बाईच्या तसबिरीचं. बाई एकटीच, मागे काळोख. तो काळोख पुसताना बायकोला बाईच्या खांद्यावर एक हात सापडला. कुणाला तरी मुद्दाम काजळी फासून दडवलं होतं. काम मनगटापर्यंत आलं आणि ती आजारी पडली.

गेली.

चित्राखाली पितळी पाटी लागली. हा हात कुणी शोधला, तर म्हणे संचालक साहेबांनी. ज्या माणसानं कापसाची काडी कधी हातात धरली नाही, त्यानं.

उद्घाटनाला मी मागे उभा होतो, दातओठ खात. साहेब म्हणाले, "हा हात मी प्रथम पाहिला तेव्हा…"

आणि थांबले.

पाणी प्यायले. पुन्हा सुरुवात केली. "मी जेव्हा…"

जीभ टाळूला चिकटली. ओठ पांढरे पडले. तोंडात थेंबभर ओल नाही.

तेवढ्यात मला ऐकू आलं… कापूस फिरल्याचा आवाज. अगदी बारीक. तो मी झोपेतही ओळखेन.

चित्रातल्या मनगटाच्या वर एक ओला डाग चमकत होता.

चित्राजवळ कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत उघडा झाला. मग खांदा. दालनाला कुलूप, किल्ली साहेबांकडे. आणि जमिनीवर… मळका कापूस. ओला.

साहेब माझ्या खोलीत आले. हातात पाण्याची बाटली, आवाज फाटलेला.

"दादा, वहिनींना सांगा ना, थांबा म्हणून."

"मेल्यावर वहिनी झाली काय? जिवंतपणी 'ती पुसणारी' म्हणायचात."

"काय हवंय त्यांना?"

"पाटी बदला."

बदलली. तिच्या एकटीच्या नावाची पाटी मीच स्क्रू पिळून बसवली. वाटलं, जिंकलो.

तेव्हापासून आवाज बंद. कापूस नाही, ओल नाही. साहेबांचा गळाही मोकळा झाला, पुन्हा भाषणं ठोकतात. चित्रातला माणूस गळ्यापर्यंत आलाय. चेहरा अजून काळोखात.

घरी ती एकदाही आली नाही. मी दार लोटून ठेवायचो, तरी नाही. त्या खोट्या पाटीसाठी रोज यायची. खरं नाव लागलं आणि निघून गेली, मला काही न सांगता. याचा राग मी कुणावर काढायचा?

आता रोज दालन उघडलं की पाटीसमोर उभा राहतो. स्क्रूड्रायव्हर खिशात असतो.

काल एक स्क्रू सैल केला…

मग परत घट्ट केला.

उद्याचं मला सांगता येत नाही.