दायराच्या हातावर रंग धरेना

दायरा पोटात होती तेव्हापासून मी जहाजावरच्या पाहुण्यांना एम्बेरा आदिवासींच्या गावात नेते. काम सोपं आहे. कालव्याचे दरवाजे ओलांडून जहाज गातूनच्या तळ्यात नांगर टाकतं, पाहुणे धक्क्यावर उतरतात, मी त्यांना होड्यांत बसवून नदीवरच्या गावात नेते, नाच दाखवते, केळीच्या पानावर तळलेला मासा खायला घालते आणि दुपारी परत आणते. मधे कोणी बुडू नये आणि कोणी रुसू नये, एवढंच बघायचं.

गावात पाहुण्यांच्या हातावर रानफळाच्या रसानं नक्षी काढतात. काढताना ती जेमतेम दिसते, मळक्या पाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी उठावं तर काळीकुट्ट. मग साबण लावा, लिंबू चोळा, आठवडाभर ती हटत नाही. पाहुणे बिचकतात म्हणून आधी मी हात पुढे करते. माझे हात कायम रंगलेले. बाजारातली मासेवाली मला विचारते, "काय गं एदिल्मा, आज कुणाला नादी लावलंस?"

यंदा दायराला मदतीला घेतलं. तिचा बाप बोटीवर कामाला म्हणून गेला तो गेलाच. मला ही एकटीच. घरात तीन हाका मारल्याशिवाय जागची हलत नाही अशी कार्टी, पण पाहुण्यांशी गोड बोलते.

"हात कर पुढे," पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं.

"आई, शनिवारी यामिलेतचं लग्न आहे. काळ्या हातानं नाचू?"

"नाच की. तोंड तर नाही ना काळं करत."

पाहुणे बघत होते, तिला हात द्यावाच लागला. गावात नक्षी काढणाऱ्या क्लेलिया मावशीनं तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत माशाच्या काट्यांची नक्षी काढली. मावशीचा हात या वयातही जराही कापत नाही.

परतताना मी पुढच्या होडीत होते. दायरा मागच्या होडीत, अगदी पुढच्या फळीवर, आणि सुकाणूला ओल्मेदो. कालव्यासाठी हे तळं केलं तेव्हा जंगल बुडालं, जंगलातली गावं बुडाली. खोडं अजून पाण्यातून वर उभी आहेत. त्या खोडांच्या पुढे जहाजांची वाट. आमची होडी वाट ओलांडून गेली आणि एक मालवाहू जहाज आलं, म्हणून ओल्मेदो खोडांतच थांबला. हे रोजचंच.

जहाज आमच्या दोन होड्यांच्या मधून जाऊ लागलं. नुसती लोखंडाची भिंत, वर माणूस दिसत नव्हता. त्याची सावली पलीकडच्या खोडांवर पडली असणार, कारण तिकडची माकडं सकाळपासून ओरडत होती ती एकदम गप्प झाली. भिंत संपतच नव्हती.

मग ती संपली. होडी होती तिथेच होती. दायरा पुढच्या फळीवर, नारिंगी जाकीट घातलेली, हात मांडीवर. मी लांबूनच डोकी मोजली. भरली. आमच्या धंद्यात डोकीच मोजतात.

धक्क्यावर तिला उतरताना हात दिला आणि बघितलं, तिचा हात कोरा होता.

"नक्षी कुठे गेली?"

"जहाजाच्या लाटेनं धुतली."

ओला रस धुतला जातो, हे खरं आहे. मी भुताखेतांच्या नादी लागणारी बाई नाही. पण तीच लाट खाल्लेल्या बाकी सगळ्यांच्या हातांवर पुसट रेघा तशाच होत्या.

ओल्मेदो होडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "ताई, पोरीला माझ्या होडीत बसवू नका."

"का रे, काय बोलली तुला?"

"काही नाही बोलली. जहाजाची सावली पडली तेव्हा होडीचं नाक वर आलं. कोणी उतरलं की येतं तसं. मग परत खाली बसलं." त्यानं दोरीची गाठ आवळली. "आधीपेक्षा जास्त खाली."

"ऊन लागलंय तुला," मी म्हटलं. तो हसला नाही.

दुसऱ्या सकाळी माझा हात काळाकुट्ट. दायराचा कोराच.

घरी ती शहाण्यासारखी वागायला लागली. भांडी घासायची, भात टाकायची, उलट उत्तर नाही. शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस, पोरगी सुधारली." मला त्या सुधारण्याचीच भीती वाटायला लागली. हाक मारायला मी तोंड उघडायचे आणि ती दारात उभी असायची. जिवलग मैत्रीण यामिलेतच्या लग्नाला ती गेली नाही. कोण यामिलेत, असं तिनं विचारलं.

क्लेलिया मावशी बाजाराला आली तेव्हा तिला घरी आणलं. म्हटलं, पोरीची नक्षी धुतली गेली, पुन्हा काढ. दायरानं निमूट हात पुढे केला. मावशीनं काडी बुडवली, रेघ ओढली. रस अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळून जमिनीवर पडला. तिनं पुन्हा ओढली. पुन्हा तेच. दायरा मावशीकडे बघत हसत होती.

मावशीनं वाटी पालथी घातली आणि चपला घातल्या. मी फाटकापर्यंत मागे धावले.

"मावशी, आजारी आहे का गं ती?"

"आजाऱ्यालाही धरतो रंग," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या रात्री मी खोलीला आतून कडी लावली. स्वतःच्या पोटच्या पोरीला बाहेर ठेवून. मला रडू आलं.

काल पाहुण्यांना घेऊन परतताना ओल्मेदोच्या होडीत मीच पुढे बसले होते. जहाज येत होतं. त्यानं खोडांत इंजिन बंद केलं.

सावली आली. माकडं गप्प झाली.

"आई."

आवाज खोडांतून आला. दमलेला, रडवेला, माझ्या दायराचा.

"आई, होडी इकडे घे ना. मी कधीची हात दाखवतेय."

एका खोडामागून हात वर आला होता. मनगटापासून कोपरापर्यंत काळे माशाचे काटे.

माझ्या मागच्या पाहुणीनं हसून हात हलवला. "कोण आहे ती मुलगी?"

ओल्मेदोनं मान खाली घातली होती. मी ओ द्यायला तोंड उघडलं.

खिशातला फोन वाजला. घरून होता.

"तिला ओ देऊ नकोस, आई," दायरा म्हणाली. "भात झालाय. थेट घरी ये."